हॅलोजनला अर्घ्य

गेल्या वर्षी श्रावण, भाद्रपद आणि आश्विन अशा तीन संकष्ट्यांना मी एका हॅलोजनच्या दिव्याला अर्घ्य दिलं. गंध, अक्षता, दूर्वा, सगळं यथासांग. हात जोडले, मुलाबाळांचं भलं मागितलं आणि खाली येऊन उपास सोडला. मी म्हणजे अहल्या मोहिते, बडोद्याच्या मराठी शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवून निवृत्त झालेली बाई. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. पुढे हसू येणार नाही.

आधी एक सांगून टाकते, म्हणजे कुणी मला भाबडी समजायला नको. चंद्र हा दगड आहे, त्याला स्वतःचा उजेड नाही, सूर्याचा उसना उजेड तो आपल्याकडे पाठवतो, हे मी शाळेतल्या मुलींच्या कित्येक पिढ्यांच्या डोक्यात घातलं आहे. अंधारी खोली, मेजावर एक दिवा आणि पेन्सिलीवर खोचलेलं मोसंबं. दिवा म्हणजे सूर्य, मुलीचं डोकं म्हणजे पृथ्वी, मोसंबं म्हणजे चंद्र. मोसंबं समोर धरून जागच्या जागी सावकाश गिरकी घ्यायची, की कोर, अर्धा, पूर्ण, पुन्हा कोर, सगळ्या कला डोळ्यांदेखत होतात. दर वर्षी एखादी तरी मुलगी म्हणायचीच, "बाई, पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्र लहान होतो ना?" मी म्हणायचे, "सावली पडली तर ते ग्रहण, बाळा. ती काही दर महिन्याला पडत नाही. चंद्राचा अर्धा भाग कायमच उजेडात असतो. आपल्याला त्यातला किती दिसतो, एवढाच प्रश्न."

मग तू संकष्टी कशाला करतेस, असं समरजित, माझा मुलगा, कॉलेजात असताना विचारायचा. अरे, तुझे वडीलसुद्धा हाडामांसाचे होते हे मला ठाऊक होतं, म्हणून मी त्यांची वाट बघायची सोडली होती का? पौर्णिमा झाली की चंद्र रोज पाऊणएक तास उशिरा उगवत जातो. कृष्ण चतुर्थीला तो चांगली रात्र पडल्यावर येतो, वरचा काठ जरासा चेपलेला, आणि मी दिवसभर उपाशी राहून त्याची वाट बघते. लग्न होऊन दांडिया बाजारात आले तेव्हापासून बघते आहे. मला ते आवडतं. याहून जास्त कारण मी कुणाला देणं लागत नाही.

आमची गच्ची, बडोद्यात आम्ही तिला अगाशी म्हणतो, पूर्वेला अगदी मोकळी होती. कार्तिकातला चंद्र डावीकडे देवळाच्या कळसापाशी यायचा, वैशाखातला उजवीकडे शेजारच्या टाकीमागून. मग पूर्वेला काँप्लेक्स उभं राहिलं. देशात पैसा आला म्हणतात. आमच्या बाजारात तो पाच मजले आला. खाली साड्यांची दुकानं, वर एसटीडी बूथ, कॉम्प्युटरचे क्लास आणि कसल्या कसल्या एजन्सी. चंद्र उगवून तासभर झाला तरी त्या भिंतीआड बसून राहायला लागला. देवळातले गुरुजी म्हणाले, "ढग असले तर आपण वेळ पाहून अर्घ्य देतोच की. तसंच समजा." मी म्हटलं, "ढग देवाचे असतात, काँप्लेक्स बिल्डरचं आहे. बिल्डरसाठी मी सवलत घेणार नाही." समोर दिसला तरच जेवायचं, असं मी ठरवलं. हट्टी म्हणा. आहेच मी.

आता घरच्यांची बाजू. घरात माझ्याआधी कुणी जेवायचं नाही ही सासरची रीत. समरजित कोयलीच्या रिफायनरीत आहे. पहाटेची शिफ्ट असली की त्याला लवकर निजावं लागतं. सून स्नेहल करजणची, दिवसभर नोकरी करून येते. नात रसिका, पाचवीत. आणि मला मधुमेह. इतका वेळ उपाशी राहणं बरं नव्हे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हे सगळं मला मान्य आहे. त्यांनी समोर बसून मला सांगितलं असतं, "आई, आम्हाला भूक लागते, आम्ही आधी जेवतो," तर मी तोंड वाकडं केलं असतं आणि हो म्हटलं असतं.

त्यांनी सांगितलं नाही. श्रावणातल्या संकष्टीला समरजित वरून ओरडला, "आई, चल, आला बघ!" मी गुडघे धरत जिना चढले. त्या वेळी माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आले होते. समोरच्या अंधारात भाकरीएवढा पिवळट उजेड दिसला, कडा विरघळल्यासारख्या. उगवता चंद्र पिवळटच असतो. मी अर्घ्य दिलं. वर आभाळ भरलेलं होतं, दुपारभर पाऊस झाला होता, तरी चंद्र मात्र हजर. खाली येऊन मी म्हटलं, "गणपतीची कृपा हो, ढगांतून वाट काढून आला." समरजित हो म्हणाला आणि ताटावर बसला. स्नेहलने मोदक वाढले. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं, हे मला आज आठवतं.

भाद्रपदात तेच, आश्विनात तेच. चंद्र मला गोल वाटायचा, चेपलेला दिसायचा नाही. पण मला तेव्हा रसिकाचं तोंडही गोल धुरकट दिसायचं. मी दोष डोळ्यांना दिला.

मग दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सगळा बाजार आपापल्या अगाशीवर होता. शेजारच्या अगाशीवर हार्दिक आणि त्याचे आईवडील. हा हार्दिक माझ्याकडे शिकायला यायचा. निवृत्त झाल्यावर मी घरी आजूबाजूच्या मुलांना भूगोल आणि विज्ञान शिकवत होते. पैशासाठी नाही, शिकवल्याशिवाय मला करमत नाही म्हणून. संध्याकाळी मुलं आली, चपलांचा ढीग पडला, 'बेन, बेन' करून त्यांनी घर डोक्यावर घेतलं की मला मी जिवंत आहे असं वाटायचं.

रसिका फुलबाज्या उडवत होती. मी पूर्वेकडे तोंड केलं. तिथे चंद्र होता. गोल, पिवळा, त्याच जागी. अमावास्येला! मी मोठ्याने म्हणाले, "समरजित, हे काय? आज चंद्र कसा?"

शेजारच्या अगाशीवरचे फटाके थांबले. कुणीतरी खुदकन हसलं.

"कुठे आहे चंद्र, आई?" समरजित म्हणाला.

"तो काय, समोर! संकष्टीला असतो तिथेच."

रसिका म्हणाली, "आजी, ते तर..." आणि एकदम गप्प झाली.

समरजित माझ्याजवळ आला, खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं, समजुतीच्या सुरात म्हणाला, "आई, तिथे काही नाहीये. रॉकेट गेलं असेल. चल, खाली जाऊन पड जरा."

तिथे काही नाहीये. हे तीन शब्द मी विसरणार नाही. त्याला खरं बोलायला एक क्षण पुरला असता. ‘आई, तो काँप्लेक्सचा दिवा आहे.’ बस. पण मग तीन संकष्ट्यांचं खोटं सगळ्या आळीसमोर उघडं पडलं असतं. स्वतःची लाज वाचवायला त्याने आईची अक्कल पणाला लावली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलं आली नाहीत. हार्दिकचे वडील दारात उभ्याउभ्याच म्हणाले, "बेन, हमणां तमे आराम करो." आत्ता तुम्ही विश्रांती घ्या, म्हणजे काय ते मला कळलं. ज्या बाईला अमावास्येला पौर्णिमा दिसते, तिच्याकडे चंद्रसूर्य शिकायला पोरं कोण पाठवेल? मीसुद्धा पाठवली नसती.

समरजितने मला विसरण्याच्या आजाराच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी वार विचारला, महिना विचारला, उलटे आकडे म्हणायला लावले. मी सगळं बरोबर सांगितलं. तेव्हा समरजित हळूच म्हणाला, "डॉक्टर, दिवाळीला आईला चंद्र दिसला." डॉक्टरांनी मान हलवली आणि गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्यांनी मी दिवसभर पेंगत बसायचे. जेवताना घास हातातच राहायचा.

आणि मला भीती वाटली. माझी आई शेवटी मला ओळखत नव्हती. माझ्याच घरात मला "पाव्हण्या, बसा" म्हणायची. तिचंही असंच कशावरून तरी सुरू झालं असणार. मी रात्र रात्र पडल्यापडल्या तिथ्या म्हणायचे, प्रतिपदा, द्वितीया, तृतीया, आणि मध्येच अडखळले तर घाम फुटायचा. शाळेतलं ते मेजावरचं दिव्याचं स्टँड मी कपाटाच्या तळाशी घातलं. जे मला आयुष्यभर पाठ होतं तेच हातून सुटलं, असं मी धरून चालले. संकष्टी सोडली. समरजितला केवढं हायसं वाटलं असेल! तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त मार कोण देतंय हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा त्या डॉक्टरांनीच माझ्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि समरजितवर डाफरले, "अहो, आधी यांचे मोतीबिंदू काढा. यांना दिसत काय असेल!" थंडीत एक डोळा झाला, मग दुसरा. फाल्गुनात नवा चष्मा आला. पहिल्या दिवशी मी माझेच हात बघत बसले होते, किती सुरकुतलेत म्हणून.

होळी होऊन तीन दिवस झाले होते. संध्याकाळी घरी कुणी नव्हतं. मी म्हटलं, बघू तरी, नव्या डोळ्यांनी आभाळ कसं दिसतं. वर गेले. दिवेलागण झाली होती. पूर्वेला, नेमक्या त्या जागी, काँप्लेक्सच्या गच्चीच्या कठड्यावर, लोखंडी पट्टीला ठोकलेला एक हॅलोजन होता. जाळी बसवलेला. त्याचा झोत तिरका आमच्याच अगाशीवर. भोवती किडे घोंगावत होते.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय, ते मला तेव्हा समजलं. मी कठडा घट्ट धरून उभी राहिले. पहिल्यांदा आनंद झाला, खोटं कशाला सांगू. माझं डोकं ठिकाणावर होतं! अमावास्येला मला जे दिसलं ते तिथे होतंच. पण तो आनंद पुरता घशाखाली उतरायच्या आत दुसरा विचार आला, की हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

तेवढ्यात घरी आलेली रसिका जिन्यावर भेटली. मी विचारलं, "दिवाळीला तू काय सांगणार होतीस?"

तिचे डोळे भरले. "ते तर लाइट आहे, असं. पण पप्पांनी डोळे वटारले. मग खाली येऊन म्हणाले, आजीला बोलू नकोस, तिला वाईट वाटेल."

मला वाईट वाटेल!

समरजित घरी आल्यावर मी त्याला हात धुऊ दिले, चहा घेऊ दिला, मग विचारलं. त्याने नाकारलं नाही. तेवढं पुण्य त्याच्या खाती. म्हणाला, "आई, तुझ्या शुगरसाठी केलं. तू ऐकत नाहीस. डॉक्टरांनी सांगितलं होतं ना?"

"श्रावणात माझ्या शुगरसाठी केलंस, मानलं. दिवाळीला कुणाच्या शुगरसाठी केलंस?"

तो रिकामा कप बशीत फिरवायला लागला.

"मी गोळ्या खात होते तेव्हा? मुलं यायची बंद झाली तेव्हा? रात्री मी तिथ्या घोकत होते, त्या तुला भिंतीपलीकडून ऐकू येत नव्हत्या?"

स्नेहल मध्ये पडली. "आई, आम्हाला वाटलं, डॉक्टर बघतायत तर बघू दे, कदाचित खरंच काही असेल..."

"काही असेल? तुम्हाला ठाऊक होतं काय आहे ते! त्याचं बिल काँप्लेक्सवाले भरतात!"

"आता झालं ना," समरजित म्हणाला. "तुला दिसायला लागलं, सगळं छान झालं. आता राईचा पर्वत कशाला करतेस?"

मला ओरडता येतं, पण ओरडून भागणार नव्हतं. घरात ओरडले असते तर घरातच मिटलं असतं. मला वेडी ठरवलं होतं ते उघड्यावर, सगळ्या आळीसमोर.

दुसऱ्या दिवशी संकष्टी होती, आणि मी पुन्हा उपास धरला. सकाळी मी हार्दिकच्या घरी गेले. त्याच्या वडिलांना म्हटलं, "संध्याकाळी मुलांना घेऊन आमच्या अगाशीवर या. एकच तास घेणार आहे. पटला नाही तर पुन्हा तोंड दाखवणार नाही." ते संकोचले, पण हो म्हणाले. बाकीच्यांच्या घरीही गेले. गुडघे बोंबलत होते, बोंबलू देत. बाजारातून एक चांगलं टणक मोसंबं घेतलं.

संध्याकाळी मुलं आली, सतरंजीवर बसली. आईबाप मागे जिन्याच्या दाराशी घोटाळत उभे राहिले. जाम अवघडलेले, निघायची तयारी असल्यासारखे. स्नेहल आणि रसिका कठड्यापाशी. समरजित सगळ्यांत शेवटी वर आला. जेवायचं तर चंद्राची वाट बघायलाच हवी, आणि चंद्र भिंतीआड. गर्दी बघून तो चपापला, पण परत जाता आलं नाही. मी अगाशीवरचा बल्ब बंद केला. हॅलोजन समोर जळतच होता.

"मुलांनो, तो काँप्लेक्सवरचा दिवा दिसतो? आज तो आपला सूर्य," मी म्हटलं. "आता पृथ्वी कोण होणार?"

हात वर झाले. मी म्हटलं, "नाही, आज पृथ्वी समरजितकाका."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मोसंबं त्याच्या हातात दिलं. माझा मुलगा आहे, मला काय हवंय ते त्याला तेव्हाच कळलं. तरी तो पुढे झाला. लहानपणी असंच मोसंबं धरायला तो हट्ट करायचा.

"दिव्याकडे पाठ कर. हात लांब, मोसंबं डोक्याच्या जरा वर. काय दिसतं?"

"पूर्ण उजेडात आहे."

"ही पौर्णिमा. आता डावीकडे वळत जा. थांब. आता?"

"एका बाजूने थोडं काळं झालंय."

"ही आजची चतुर्थी. बघा रे मुलांनो, काठ चेपला. ही कुणाची सावली आहे का? नाही. उजेडाची बाजू आपल्यापासून वळली, इतकंच. आता वळत वळत दिव्याकडे तोंड कर. पूर्ण. हं, थांब. मोसंबं दिव्याच्या किंचित वर. काय दिसतं?"

"काळं."

"उजेड कुठे गेला?"

"पलीकडच्या बाजूला."

"कोणती तिथी?"

"अमावास्या."

"अमावास्येच्या रात्री चंद्र दिसतो?"

"नाही."

"मग दिवाळीच्या अमावास्येला, इथेच उभी राहून, तुझ्या आईने पूर्वेला गोल उजेड पाहिला. ती म्हणाली, तिथे काहीतरी आहे. तू म्हणालास, काही नाहीये. आता नीट बघ आणि मुलांना सांग, तिथे काय होतं?"

खाली बाजारात स्कूटरचे हॉर्न वाजत होते. समरजितने मोसंबं खाली केलं. हॅलोजनचा झोत थेट त्याच्या तोंडावर आला आणि त्याचे डोळे मिटले. स्नेहलने पदर तोंडाला लावला होता. मला दया आली, आईच आहे मी. ती दया मी गिळली. त्या थंडीत कपाटाच्या तळाशी दिवा लपवणाऱ्या म्हातारीची दया कुणाला आली होती?

"सांग," मी म्हटलं.

"हाच दिवा होता," तो मोसंब्याकडे बघत पुटपुटला. "आई बरोबर होती. मी खोटं बोललो."

पहिल्या रांगेतल्या मुलांनी ऐकलं. हार्दिकचे वडील जिन्यापाशी कानाला हात लावून पुढे वाकले होते.

"मोठ्याने बोल, समरजित," मी म्हटलं. "मागच्या रांगेला ऐकू गेलं नाही."